नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या रो-हाऊसला चोर-अलार्म बसवला त्याची हकीकत

मे २०२५ मध्ये सुरू झालेलं हे काम दिवाळीनंतर खऱ्या अर्थाने संपलं. अलार्म बसवायला एकच दिवस लागला, पण त्याआधीची चौकशी, सोसायटीची परवानगी, सिमकार्ड आणि बसवल्यानंतरचं अ‍ॅडजस्टमेंट यातच सगळा वेळ गेला. मी सुरुवात केली तेव्हा मराठीत कोणी सलग लिहिलेलं सापडलं नाही, सगळे नुसते प्रॉडक्टचे व्हिडिओ, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहितेय, खर्चासकट.

आमची बारा रो-हाऊसची सोसायटी आहे. मे महिन्यात मागच्या लाईनमधलं एक कुटुंब गावाला लग्नाला गेलं होतं आणि त्यांच्याकडे घरफोडी झाली. नेहमीसारखंच, कडी-कोयंडा तोडला, कपाट फोडलं, दागिने आणि कॅश गेली. सकाळी कामवाल्या ताईंना दार अर्धवट उघडं दिसलं तेव्हा कळलं. पोलीस आले, श्वानपथक आलं, ठसे घेतले, पंचनामा झाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ आणि ३३१ खाली गुन्हा नोंदवला (आधी भारतीय दंड संहितेतली कलमं होती, १ जुलै २०२४ पासून ही लागतात). मी त्या वहिनींसोबत पोलीस ठाण्यात बसले होते तेव्हा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर दागिन्यांच्या यादीत. कोणता दागिना किती ग्रॅमचा, पावती आहे का, फोटो आहे का. लग्नात सासरकडून आलेल्या बांगड्यांची पावती कोणाकडे असते? त्यामुळे अलार्म बसवा न बसवा, आज संध्याकाळी बसून प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, वजन लिहा आणि ते घराबाहेर कुठेतरी सेव्ह करून ठेवा, बहिणीला पाठवून ठेवलंत तरी चालेल. आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. शेजारच्या काकांनी त्या रात्री आवाज ऐकला होता. त्यांना वाटलं घरचेच लग्नाहून परत आले असतील, बॅगा काढत असतील. कोणाचा दोष नाही यात, पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न बसला की आपल्याकडे असं काही झालं तर कोणाला कळणार आणि कोण येणार. नवरा अंबड एमआयडीसीत, नाईट शिफ्ट असली की घरात मी, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. पुढचे काही आठवडे मला नीट झोप लागत नव्हती, टेरेसवर मांजर उतरलं तरी उठून बसायचे.

जूनमध्ये कोटेशन घ्यायला सुरुवात केली. तीन घेतली. पहिलं एका मोठ्या कंपनीचं, त्यांचा माणूस घरी येऊन तासभर सगळं बघून गेला, रात्रंदिवस मॉनिटरिंग करणारं कंट्रोल रूम वगैरे, आकडा ४८ हजार आणि वर दरवर्षीची फी वेगळी. मी विचारलं की तुमच्या कंट्रोल रूमला अलार्म आला की नाशिकमध्ये तुमचं कोण येतं? उत्तर आलं की आम्ही तुम्हाला फोन करतो. फोन तर मशीनही करतं. दुसरं कोटेशन ओळखीच्या इलेक्ट्रिशियनचं, साडेनऊ हजार, मशीन स्वस्त पण फक्त टू-जी सिमवर चालणारं. तिसरं एम. जी. रोडवरच्या एका दुकानातलं, त्यांचंच आम्ही घेतलं, २०,००० आणि १८ टक्के जीएसटी ३,६०० असे २३,६०० रुपये, फिटिंगसकट, एक वर्षाची वॉरंटी. बिल पक्कंच घ्या, कारण वॉरंटीच्या वेळी बिलाशिवाय कोणी दारात उभं करत नाही.

या पैशात काय आलं ते सांगते. एक पॅनल, म्हणजे मुख्य मशीन, ते वायफाय आणि फोर-जी सिम दोन्हीवर चालतं. दारांना लावायचे चार मॅग्नेट सेन्सर. हालचाल ओळखणारे तीन पीआयआर सेन्सर. एक बाहेरचा सायरन, एक आतला. दोन रिमोट आणि एक पॅनिक बटण.

सिमबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथेच लोक अडकतात. जिओचं टू-जी नेटवर्क नाहीच, त्यामुळे टू-जी पॅनलमध्ये जिओचं सिम घालून काही होत नाही. आणि पॅनल फोर-जी असलं तरी त्यात फोर-जीवरून व्हॉइस कॉल करायची सोय असेलच असं नाही, मग इंटरनेट चालतं पण कॉल लागत नाही. मी दुकानदाराला सांगितलं की माझ्यासमोर सिम घाला आणि माझ्या मोबाईलवर कॉल लावून दाखवा, मग पैसे देते. त्यांनी बिनतक्रार दाखवला. सिम नवऱ्याच्या आधारवर नवीन काढलं, केवायसी करून त्याच संध्याकाळी चालू झालं. रिचार्जला डेटा नको होता. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले, त्यातला लांब मुदतीचा पॅक टाकला. दुकानात सहसा हा पॅक आपणहून कोणी सांगत नाही, मागावा लागतो. संपायची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, कारण रिचार्ज संपला की पॅनल मुकं होतं आणि ते रोजच्या रोज आपल्याला कळत नाही.

सोसायटीची परवानगी हा वेगळाच टप्पा. बाहेरचा सायरन पुढच्या भिंतीवर येणार होता आणि आमच्याकडे बाहेरच्या भिंतीवर काहीही लावायचं तर कमिटीला पत्र द्यावं लागतं, अगदी डिश अँटेनाला सुद्धा. मी पत्र लिहिलं, दोन प्रती, एकीवर पोचल्याची सही आणि शिक्का घेतला. सेक्रेटरी काका म्हणाले की महिन्याच्या मिटींगमध्ये ठेवतो. ती मिटींग पावसामुळे पुढे गेली, मग कोरम झाला नाही, असं करत जुलैचा पहिला रविवार उजाडला. मी स्वतः गेले. लोकांची भीती अगदी बरोबर होती, रात्री तीन वाजता सायरन वाजत राहिला आणि तुम्ही गावाला असाल तर आम्ही काय करायचं? एका घरात महिन्याभराचं बाळ, एका घरात हार्टचं ऑपरेशन झालेले आजोबा.

तिथेच मी सगळ्यांसमोर माझा प्रश्न मांडला. म्हटलं सायरन वाजला की चोर पळेलही, पण माझ्या सासूबाई एकट्या असतील तर बाहेर येऊन बघणारे तुम्हीच आहात, म्हणून मला परवानगीपेक्षा जास्त हे हवंय की कोण येणार ते ठरवू. पुढची पंधरा-वीस मिनिटं मग अलार्मवर नाही, त्यावरच बोलणं झालं. ठरलं असं की सायरन तीन मिनिटांत आपोआप बंद होईल असं सेटिंग ठेवायचं, आमचा एक रिमोट शेजारच्या काकांकडे राहील, आणि पॅनल ज्या पाच नंबरांना फोन करतं त्यात पहिले आम्ही दोघं, मग काका, मग समोरच्या ताई, आणि पाचवा माझा भाऊ जो इंदिरानगरला राहतो आणि गाडी काढून दहा मिनिटांत येऊ शकतो. कोणीही एकट्याने घरात शिरायचं नाही, दोघं-तिघं जमून बाहेरून टॉर्च मारायचा, आणि दार तुटलेलं दिसलं की लगेच पोलिसांच्या मदतीसाठी ११२ नंबरला फोन. हे सगळं मिनिट्समध्ये लिहून घेतलं आणि परवानगीचं पत्र त्याच आठवड्यात हातात आलं.

११२ बद्दल एक गोष्ट. इलेक्ट्रिशियन म्हणाला होता की पॅनलमध्ये सरळ पोलिसांचाच नंबर टाकून देतो. मी नको म्हटलं. पॅनल रेकॉर्ड केलेला मेसेज वाजवतं, समोरून कोणी पत्ता विचारला, खूण विचारली, आत माणसं आहेत का विचारलं तर उत्तर देणार कोण? आणि पालीमुळे अलार्म वाजला तरी फोन तिकडेच जाणार. खरी माहिती देणारा माणूसच फोन करायला हवा. आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जाऊन मी हे विचारूनही आले, तिथल्या हवालदार साहेबांनी हेच सांगितलं आणि वर म्हणाले की बाहेरगावी जाल तेव्हा साध्या कागदावर अर्ज देऊन जा, घराचा पत्ता, कधीपासून कधीपर्यंत बंद, चावी कोणाकडे आणि फोन नंबर.

फिटिंग १९ जुलैला, शनिवारी झालं. टेक्निशियन मुलगा सिन्नरचा, वयाने लहान पण कामात एकदम पक्का. मी त्याच्यामागे घरभर फिरत होते आणि प्रत्येक सेन्सर इथेच का हे विचारत होते, त्यानेही कंटाळा न करता सांगितलं. पीआयआर म्हणजे कॅमेरा नाही, तो उष्णतेतला बदल ओळखतो. माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला तर पटकन पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत आला तर जरा उशिरा. म्हणून तो कोपऱ्यात, साधारण सात फुटांवर लावतात. खिडकीकडे तोंड नको, फ्रिजच्या वर नको, हलणारा पडदा समोर नको. मे महिन्यात नाशिकचं ऊन चाळीसच्या आसपास जातं तेव्हा खोलीचं आणि अंगाचं तापमान जवळ येतं आणि सेन्सर थोडा मंद होतो, त्यामुळे नुसत्या पीआयआरवर विसंबू नका, दारांना मॅग्नेट हवेतच.

मॅग्नेटचं काम सोपं, दाराच्या चौकटीवर एक तुकडा आणि दारावर दुसरा, दोघांत अंतर वाढलं की सिग्नल. पण आमचं सेफ्टी डोअर लोखंडी आहे, आणि लोखंडावर साधा मॅग्नेट नीट काम करत नाही. टेक्निशियन मुलाने तिथे शटरला लावतात तसला जाड मॅग्नेट लावला, त्याचे ४५० रुपये वेगळे. घरात लोखंडी दार असेल तर कोटेशनच्या वेळीच सांगून ठेवा.

पॅनल कुठे ठेवायचं यावर बराच वेळ गेला. टेक्निशियनला हॉलमध्ये सोयीचं होतं, पण टेरेसच्या दाराचा सेन्सर दोन स्लॅब वर, तिथला सिग्नल खाली येताना कमी पडत होता. शेवटी जिन्याच्या मधल्या मजल्यावर, पुढच्या दारातून दिसणार नाही असं लावलं. चोराला पॅनल समोरच दिसलं तर तो आधी तेच फोडेल. इन्व्हर्टरची लाईन तिथपर्यंत ओढायला इलेक्ट्रिशियनने १,२०० घेतले, राऊटर पण त्याच लाईनवर घेतला. लाईट गेली की राऊटर बंद आणि मग वायफायवाला अलार्म कसला? पॅनलमध्ये स्वतःची बॅटरी आहे आणि सिम आहे, तरी दोन्ही रस्ते चालू असलेले बरे.

अजून एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. अ‍ॅपचं अकाउंट टेक्निशियन बऱ्याचदा स्वतःच्या मोबाईल नंबरवर उघडून देतात, पटकन होतं म्हणून, आणि मग तुमच्या घराचा मालक कागदावर तुम्ही आणि अ‍ॅपवर तो. आमच्याकडे आलेल्या टेक्निशियनने विचारलं तेव्हाच मी माझा नंबर आणि ओटीपी दिला. तो गेल्यावर पॅनलचा पासवर्डही बदलला, कंपनीतून आलेला पासवर्ड बऱ्याचदा सगळ्या मशिनला एकच असतो. माणूस चांगला होता, पण कुलपाची चावी आपल्याकडेच असावी.

पहिली रात्र मला झोपच आली नाही. लाल दिवा लुकलुकतोय का ते बघायला मी दोनदा जिन्यात गेले. खरी अडचण मात्र पहाटे आली. आमच्याकडे महापालिकेचं पाणी पहाटे येतं आणि सासूबाई उठून मागच्या दाराने बाहेर जाऊन टाकीचा कॉक उघडतात, गेली अनेक वर्षं हे काम त्यांचं. आता दार उघडलं की सायरन. त्यांना मोबाईल अ‍ॅप नको, आणि त्या म्हणाल्या, "माझ्याच घराचं दार उघडायला मी मशीनला विचारू का?" त्यांचं बरोबरच होतं. मग आम्ही सेटिंग त्यांच्याभोवती फिरवलं. रात्री होम मोड, म्हणजे फक्त दारं आणि टेरेस चालू, घरातले पीआयआर बंद. मागच्या दाराला तीस सेकंदांचा अवधी, आणि दुसरा रिमोट देवघराच्या बाजूच्या खुंटीवर. त्या आता जाताना एक बटण दाबतात, आल्यावर दुसरं. पॅनिक बटण त्यांच्या पलंगाशी लावलंय, चोरासाठी म्हणून घेतलं पण मी त्यांना सांगितलंय की चक्कर आली, छातीत दुखलं तरी दाबा, सायरन वाजू दे, लोक येतील. ते ऐकल्यापासून त्यांचा मशीनवरचा राग गेला.

ऑगस्टमध्ये पावसाने टेरेसचं लाकडी दार फुगलं आणि नीट बसेना, मॅग्नेटमधलं अंतर वाढलं, अ‍ॅप सारखं दार उघडं दाखवायला लागलं. सुताराला बोलावून दार तासून घेतलं, ६०० रुपये, आणि मॅग्नेट पाव इंच सरकवला. २७ ऑगस्टला गणपती बसले, हॉलमध्ये मखर, झिरमिळ्या, फॅनच्या वाऱ्यावर सगळं हलतंय आणि समई तेवतेय. अ‍ॅपमध्ये एकेक सेन्सर तात्पुरता बाजूला ठेवता येतो, त्याला बायपास म्हणतात. दुपारी दर्शनाला बाहेर पडताना हॉलचा पीआयआर बायपास आणि बाकी सगळं चालू. विसर्जनानंतर तो परत चालू करायची आठवण मुलीने फ्रिजवर चिकटवली होती.

मग सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री खरोखर सायरन वाजला. पाऊस बदाबदा कोसळत होता, नवरा नाईटला. पावणेतीन वाजले होते. तो आवाज दुकानात ऐकलेला आणि घरात मध्यरात्री ऐकलेला यात फार फरक असतो, माझे हातपाय गार पडले. मुलीला सासूबाईंच्या खोलीत ढकललं, आतून कडी लावायला सांगितली, आणि अ‍ॅपमध्ये बघितलं तर टेरेसचं दार. मी वर गेले नाही. तेवढ्यात काकांचा फोन, "बेटा, कोणी वर जाऊ नका, आम्ही खाली आहोत." खिडकीतून बघितलं तर काका, समोरच्या ताईंचे मिस्टर आणि हार्टचं ऑपरेशन झालेल्या आजोबांचा मुलगा, तिघं छत्र्या आणि टॉर्च घेऊन गेटपाशी. समोरच्या ताईंनी त्यांच्या टेरेसवरून आमच्या टेरेसवर टॉर्च मारला, कोणी नव्हतं. दाराची वरची कडी लागलेली नव्हती आणि वाऱ्याने दार उघडलं होतं. तिघं वर जाऊन बघून आले, टाकीमागेही बघितलं. भाऊ पंधरा मिनिटांत पोचला, भिजून चिंब. सगळ्यांना चहा केला आणि कोणाच्याही तोंडून एक शब्द तक्रारीचा आला नाही. मला रडू आलं तेव्हा, भीतीने नाही. मे महिन्यापासून जो प्रश्न घेऊन मी फिरत होते त्याचं उत्तर माझ्या हॉलमध्ये ओल्या चपला काढून चहा पीत बसलं होतं.

त्या रात्रीनंतर दोन बदल केले. टेरेसच्या दाराला खालीही एक कडी बसवली. आणि पॅनलचा नंबर पाचही जणांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून फेव्हरिटमध्ये टाकला, कारण समोरच्या ताईंचा फोन रात्री डू नॉट डिस्टर्बवर असतो, पॅनलचा कॉल त्यांना दिसलाच नव्हता, त्या सायरनच्या आवाजाने उठल्या. फेव्हरिट नंबर डू नॉट डिस्टर्बमधूनही वाजेल असं सेटिंग बहुतेक फोनमध्ये असतं, ते प्रत्येकाच्या हातात फोन घेऊन स्वतः करून द्या आणि एक टेस्ट कॉल लावून बघा.

दिवाळीत भाऊबीजेला आम्ही सगळेच पुण्याला गेलो, घर पूर्ण बंद. निघायच्या आधी पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. पेपर आणि दूध बंद केलं. पुढच्या खोलीत टायमरचा एक दिवा लावला. आणि समोरच्या ताईंनी आपणहून सांगितलं की तुमच्या दारात रांगोळी मी काढीन, दिवाळीत अख्ख्या गल्लीत एकच दार कोरं असलं की कोणालाही कळतं. हे मला कुठल्या कंपनीने सांगितलं नव्हतं. फटाक्यांनी अलार्म वाजेल का ही धास्ती होती, पण आमच्याकडे काचेवरचे, धक्का ओळखणारे सेन्सर नाहीत, मॅग्नेट आणि पीआयआरला आवाजाने काही होत नाही. परत आलो तेव्हा अ‍ॅपमध्ये एकच नोंद होती, अर्धा तास लाईट गेल्याची आणि परत आल्याची.

विम्याचंही विचारून घेतलं. घराच्या साध्या पॉलिसीत आग, पूर वगैरे येतं, घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं याची अट त्यात असते, ती ओळ एजंटकडून दाखवून घ्या. आम्ही अजून घेतलेलं नाही, दागिन्यांचं व्हॅल्युएशन करायचं आहे.

दुकानाने वर्षाच्या मेंटेनन्ससाठी २,५०० सांगितलेत, ते सध्या घेतलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला आम्ही सगळे सेन्सर एकेक करून तपासतो, आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकून. पीआयआरची पुढची लेन्स कोरड्या फडक्याने पुसायची, रिमोटची बॅटरी बघायची, शेवटी दोन सेकंद सायरन. वॉरंटी जुलै २०२६ पर्यंतची, ती संपायच्या महिनाभर आधी टेक्निशियनला एकदा बोलावून सगळं तपासून घेणार आहे, जे ढिलं असेल ते बिल दाखवून वॉरंटीतच बदलून मिळेल.